चाराण्याचं वजन

‘तुझ्याकडे स्पॉटिफाय नाहीये का गं?’

माझ्या घरी पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतोच. विचारताना चेहऱ्यावर असे भाव, जणू मी मेट्रोच्या जमान्यात टांगा विकत घेतलाय! आहे हो, स्पॉटिफाय आहे. फॅमिली प्लॅन आहे, तोही भावाच्या पैशांवर. तरीही पुण्यातल्या माझ्या वन आरकेमध्ये, जिथे कपाटाचं दार उघडायचं तर आधी खुर्ची सरकवावी लागते, तिथली खिडकीखालची मोक्याची जागा एका टर्नटेबलनं अडवलीय. टर्नटेबलखाली एक शहाबादी फरशी आहे आणि फरशीखाली घडी घातलेली घोंगडी. ते बघून पाहुणे दुसरा प्रश्न विचारतात, ‘हे काय, देव्हारा केलायस का?’

देव्हारा नाही. पण तेवढाच विचार करून मांडलंय, हे मात्र खरं.

आधीच सांगून टाकते, मी काही ऑडिओफाइल वगैरे नाही. ‘वॉर्म साउंड’ म्हणजे नक्की काय, हे मला आजही धड सांगता येणार नाही. मी फ्रीलान्स पत्रकार आहे. मानधन कुठल्या महिन्यात जमा होईल हे मलाही माहीत नसतं आणि बहुधा देणाऱ्यालाही नसतं. त्यामुळे ‘लाखभरात स्वर्गीय आवाज’ छाप गाइडची अपेक्षा करू नका. मोजक्या पैशांत टर्नटेबलचा सेटअप कसा उभा राहिला आणि त्यात काय काय चुकलं, त्याची ही गोष्ट आहे. त्यातली एक चूक कायमची झाली. तुमची होऊ नये, म्हणून हे सगळं.

पेटी नंबर एक

मी मूळची धाराशिव जिल्ह्यातली. (२०२३ मध्ये नाव बदललं हे आजीला ठाऊक आहे, पण तिच्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं.) लोहारा तालुक्यात आमचं गाव. आजोबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. १९७०च्या दशकात आमच्या पट्ट्यात लग्न ठरलं, की मांडववाला, आचारी आणि लाऊडस्पीकरवाला, अशी तिघांची सुपारी द्यायची पद्धत. आजोबांचा सगळा संसार एका बैलगाडीत मावायचा. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, ट्रकची बॅटरी, एक रेकॉर्ड प्लेअर आणि पत्र्याची पेटीभर रेकॉर्ड्स. कर्णा लिंबाच्या झाडाला उंच बांधायचा म्हणजे शेजारच्या गावालाही कळायचं, की इकडे लग्न आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर आजोबा आमच्या भागातले डीजे होते!

पुढे कॅसेट आल्या आणि रेकॉर्ड्स मागे पडल्या. आजोबांनीही टेपरेकॉर्डर घेतला, पण पेटी टाकून दिली नाही.

मग आला सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची मिरवणूक आटोपून आजोबा रात्री उशिरा घरी आले. सामान ओट्यावर ठेवलं आणि उकडतंय म्हणून सगळ्यांना घेऊन अंगणात झोपले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार वाटणारी तीच घरं झोपेत अंगावर आली. आमच्या घरातली माणसं वाचली. गल्लीतली सगळी वाचली नाहीत. आजी याच्यापुढे काही सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला ठाऊक आहे ती फक्त पेटीची गोष्ट. काही दिवसांनी ढिगाऱ्यातून पेटी निघाली. प्लेअरचा चेंदामेंदा झाला होता, पेटीचं झाकण आत दबलं होतं, पण रेकॉर्ड्स शाबूत होत्या. आजोबांनी पुन्हा कधी कर्णा बांधला नाही. ज्यांच्या लग्नात गाणी लावली, त्यातली कितीतरी जोडपी उरली नव्हती. पेटी पुनर्वसनाच्या घरात कॉटखाली गेली. २००९ मध्ये आजोबा गेले, तरी ती तिथेच होती.

२०२१ मध्ये लॉकडाउनमुळे मी गावी अडकले होते. एकदा चादर शोधताना ती पेटी बाहेर ओढली. आत ३४ रेकॉर्ड्स! भीमसेन जोशींचे अभंग, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, ‘पाकीजा’, ‘जय संतोषी माँ’, ‘पिंजरा’ आणि चक्क ‘शोले’च्या डायलॉगची एलपी. म्हणजे लग्नाच्या मांडवात जेवणावळी चालू असताना वर झाडावरून गब्बर गरजत असणार. सगळ्यात खाली तीन जुन्या, जड, लाखेच्या रेकॉर्ड्स होत्या, ७८ स्पीडच्या. त्या बालगंधर्वांच्या. त्यातली एक मधोमध तडकलेली. प्रत्येक कव्हरवर आजोबांनी ऑइलपेंटनं नंबर टाकलेला होता.

आजीला म्हटलं, ‘दहा नेऊ का पुण्याला?’

ती म्हणाली, ‘ने की. पर वाजल्या तर मला बी ऐकवायचं.’

गुलाबी सुटकेस

आता माझ्या मूर्खपणाचा भाग. मी ऑनलाइन गेले आणि पहिल्या पाच मिनिटांत प्रेमात पडले. गुलाबी रंगाची, सुटकेससारखी उघडणारी, आतच स्पीकर असलेली एक रेकॉर्ड प्लेअर. तिन्ही स्पीड, ब्लूटूथ, वर रेट्रो लूक! साडेचार हजार रुपये. इन्स्टावर फोटो टाकला, दोनशे लाइक्स आले. आणखी काय पाहिजे?

भीमसेनजींची एलपी मी रोज रात्री लावायचे. कव्हर नंबर १७. काम संपवून, लाइट बंद करून, पहिली बाजू. जवळजवळ आठ महिने हा नेम चालू होता. मग हळूहळू लक्षात आलं, की आवाज फाटतोय. ‘स’ आणि ‘श’ आले की फुस्सऽऽ असं व्हायचं. वरच्या पट्टीत स्वर गेला की खरखर. मला वाटलं, जुनी रेकॉर्ड आहे, चालायचंच.

खरं काय ते सदाशिव पेठेतल्या एका काकांनी सांगितलं. निवृत्त बँकर, घरात पाचेकशे रेकॉर्ड्स, आणि ‘येताना चपला दाराबाहेर आणि घाई घराबाहेर’ असा फोनवरच दम. दुसऱ्या एका लेखासाठी त्यांच्याकडे गेले होते. बोलता बोलता सुटकेसचा विषय निघाला. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, ‘वजन किती घेते?’

मला प्रश्नच कळला नाही. वजन? कुणाचं?

सुईचं! रेकॉर्डवर खाच असते, त्या खाचेच्या भिंतींमध्ये गाणं कोरलेलं असतं. सुई त्या खाचेत बसते आणि थरथरते. ती खाचेत नीट बसावी म्हणून आर्मनं तिच्यावर थोडासा भार द्यावा लागतो. भार कमी पडला तर सुई उड्या मारते आणि जास्त झाला तर खाच झिजवते. चांगल्या साध्या कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. काकांनी सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा दिला. घरी येऊन मी माझ्या गुलाबी सुटकेसची सुई त्यावर टेकवली.

५.६ ग्रॅम.

आठ महिने, रोज रात्री, ५.६ ग्रॅम. भूकंपातून वाचलेली रेकॉर्ड मी वन आरकेमध्ये बसून घासून काढली होती, तीही फार प्रेमानं. एकदा झिजलेली खाच भरून येत नाही. कितीही भारी मशीन आणलं, तरी त्या बाजूचा तो आवाज आता परत मिळणार नाही.

तीच एलपी मला पुढे जुन्या बाजारात साडेतीनशे रुपयांना मिळाली. आता १७ नंबरच्या कव्हरमध्ये ती दुसरी रेकॉर्ड असते. कव्हर आमचं, रेकॉर्ड कुणा दुसऱ्याची. आजीला हे अजून सांगितलेलं नाही.

तीस हजारांचं गणित

चूक कळली. आता सुधारायची तर पैसे किती? एका कंपनीच्या ब्रोशरचं मोठं काम संपलं होतं, त्यातून तीस हजार बाजूला काढले. त्याच्या वर एक रुपया नाही, असं मोबाइलमध्ये लिहूनच ठेवलं.

पुढे जाण्याआधी मशीन कसं चालतं ते दोन मिनिटांत सांगते, कारण पैसे कुठे घालायचे ते त्यावरच ठरतं. सुईची थरथर कार्ट्रिजमधल्या चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांमुळे विजेच्या बारीकशा लहरीत बदलते. किती बारीक? काही मिलीव्होल्ट फक्त. शिवाय रेकॉर्ड कोरताना मुद्दाम बास कमी आणि वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. नाहीतर बासच्या रुंद लाटांना रेकॉर्डवर जागाच पुरणार नाही. हे गणित सरळ करून आवाज वाढवायचं काम फोनो प्रीॲम्प करतो. मग ॲम्प्लिफायर आणि मग स्पीकर. या साखळीत आवाजाचा जन्म होतो तो सुईच्या टोकावर. तिथे जे बिघडलं, ते पुढे कुणीच दुरुस्त करू शकत नाही.

काकांनी मला दोन रस्ते दाखवले.

पहिला रस्ता म्हणजे ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारखं साधं ऑटोमॅटिक मशीन. बटण दाबलं की आर्म आपोआप उचलून रेकॉर्डवर येतो, सुईचा भार कंपनीनंच ठरवलेला, प्रीॲम्प आतच. ३३ आणि ४५ हे दोन स्पीड. तुमच्याकडे एलपी आणि ईपी एवढ्याच असतील आणि पेचकसाशी तुमचं जमत नसेल, तर इथेच थांबा. खरंच थांबा. बहुतेकांना याच्या पुढे जायची गरज नसते.

माझी अडचण होती त्या तीन बालगंधर्वांची. एलपी६०एक्सवर ७८ स्पीडच नाही. म्हणून दुसरा रस्ता, त्याच कंपनीचं एलपी१२०एक्स. तिन्ही स्पीड, सुईचा भार आपण ठरवायचा आणि कार्ट्रिज बदलता येतं. नवं घेणं बजेटबाहेर होतं. पण हिंजवडीतला एक आयटीवाला कॅनडाला निघाला होता आणि घरातलं सगळं विकत होता. बावीस हजारांत सौदा झाला. घेण्याआधी चार गोष्टी बघितल्या. प्लॅटर फिरताना डगमगत नाही ना, आर्म मोकळा हलतो ना, दोन्ही बाजूंनी आवाज येतो ना आणि सुईचं टोक वाकलेलं नाही ना. शेवटची गोष्ट मोबाइलचा कॅमेरा झूम करून तपासली. सेकंड हँड घेताना सुई बदलावी लागेल असं धरूनच भाव करायचा, हे काकांचं वाक्य कामी आलं.

साडेपाच हजारांत सेकंड हँड ॲक्टिव्ह स्पीकर घेतले. ॲक्टिव्ह म्हणजे ॲम्प्लिफायर स्पीकरच्या पोटातच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. काटा, ब्रश आणि मायक्रोफायबरची फडकी मिळून बाराशे. एकूण २८,७००. उरलेल्या तेराशेत जुना बाजार!

घरी आणून मोठ्या थाटात जोडलं, सुई ठेवली आणि आवाज आला डास गुणगुणल्यासारखा. अर्धा तास मी त्या आयटीवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते. मग दिसलं, की मागे एक छोटं बटण आहे, एका बाजूला फोनो आणि दुसऱ्या बाजूला लाइन. ते फोनोवर होतं, म्हणजे आतला प्रीॲम्प बंद. लाइनवर केलं आणि खोली भरून गेली. आयटीवाल्या, माफ कर रे!

फुकटातले अपग्रेड

आता या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. मशीन आल्यावर लगेच पुढचं महागडं काहीतरी खुणावायला लागतं. मलाही खुणावत होतं. पण माझ्या सेटअपमध्ये सगळ्यात मोठा फरक पडला तो जवळजवळ फुकटात.

पहिलं, भार. आर्मच्या मागचं वजन फिरवून आर्म हवेत तराजूसारखा तरंगत ठेवायचा, तिथे शून्य धरायचं आणि मग दोन ग्रॅमवर आणायचं. या मशीनवरच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला दोनच ग्रॅम लागतात. काट्यावर तपासून घ्यायचं. फिरत्या रेकॉर्डवर आर्मला आत, मधल्या भोकाकडे ओढ बसते. ती तोलायला अँटिस्केटिंगची छोटी चकती असते, तीही त्याच आकड्यावर ठेवायची.

दुसरं, लेव्हल. मशीन थोडंही कललेलं असेल तर आर्मही कलतो. बिल्डिंगच्या खाली प्लास्टरचं काम चालू होतं, त्या मिस्त्रीकाकांकडून पाणसळ मागून आणली. ‘मॅडम, भिंत कुठाय?’ असं त्यांनी विचारलं. ‘भिंत नाही, गाणं सरळ करायचंय,’ म्हटल्यावर ते बघायलाच वर आले.

तिसरं, थरथर. सुई खाचेतली थरथर वाचते तशी टेबलाचीही वाचते. मी चालले की स्पीकरमधून धब् धब्. बाजारात यासाठी महागडे स्टँड मिळतात. मी गावाकडून येताना शहाबादी फरशीचा एक तुकडा आणला. आमच्याकडे अंगणापासून मोरीपर्यंत तीच असते! खाली घोंगडी, वर जड फरशी, तिच्यावर मशीन. स्पीकर वेगळ्या स्टुलांवर, मशीनच्या टेबलावर अजिबात नाही. धब् धब् गेली.

चौथं, धूळ. तीस-चाळीस वर्षांची धूळ खाचेत बसली असेल तर सुई तीच दळत बसते. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे आपलं बॅटरीत घालायचं पाणी, त्यात लिक्विड सोपचा एखादा थेंब, मऊ फडकं. खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं, मग नुसत्या पाण्यानं पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. मधलं लेबल भिजवायचं नाही. लाखेच्या ७८च्या रेकॉर्डला चुकूनही स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख त्यात विरघळते.

एवढं सगळं झाल्यावरच सुईकडे वळायचं. काहीशे तासांनी सुई झिजते, ती बदलायलाच लागते. गंमत म्हणजे व्हीएम९५ कुटुंबातल्या सगळ्या सुया एकाच कार्ट्रिजमध्ये बसतात. म्हणजे सुईच बदलायची, मशीन तेच. खाचेत अजून खोल जाणाऱ्या भारी सुया आहेत, तशीच ७८साठी वेगळी जाड सुईही आहे. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी नुसती लोळत बसते, आणि तळाला असतो कचरा. मी भारी सुई सोडून जाड सुई घेतली. नव्वद टक्के संग्रहासाठी पहिली बरी होती, पण आजीला शब्द दिला होता तो सगळ्या पेटीचा.

(माहितीसाठी सांगते, ७८च्या रेकॉर्ड्स म्हणजे फक्त नाट्यसंगीत, असा समज असेल तर सोडून द्या. १९६०च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८वर निघाली आहेत आणि जगभरचे संग्राहक ती शोधत असतात. आजीच्या कॉटखाली बघून घ्या!)

एसटीतलं टर्नटेबल

गेल्या दिवाळीत मशीन गावी न्यायचं ठरवलं. टर्नटेबल नेताना प्लॅटर काढून वेगळा गुंडाळायचा, आर्मच्या मागचं वजन काढायचं, आर्म क्लिपमध्ये अडकवून वर दोरीनं बांधायचा आणि सुईला टोपी. एवढं करून मी ते स्वारगेटपासून मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, ‘काय हाय खोक्यात?’ म्हटलं, ‘गाण्याचं मशीन.’ ‘मोबाइल न्हाई का?’ घ्या, तिथेही स्पॉटिफाय!

आमचं पुनर्वसनाचं घर २५० चौरस फुटांचं. भूकंपानंतर सरकारनं जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० फुटांची घरं दिली, आणि लाऊडस्पीकरवाल्याकडे कसली आलीय जमीन! म्हणजे माझ्या पुण्याच्या खोलीएवढंच. छोट्या खोलीत छोटे स्पीकर शोभतात, याचा मला पहिल्यांदाच फायदा झाला. जोडलं तर घुंऽऽऽ असा आवाज. अर्थिंगची बोंब. काकानं अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. ‘प्यायला न्हाई आन् मशीनला पाजलालो,’ असं म्हणत. घुं बरीच कमी झाली.

आधी पोरांसाठी ‘शोले’. दहा मिनिटांत दारात पंधरा चपला. मग सुई बदलून, स्पीड ७८ करून बालगंधर्व. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात सगळा राग, ताना, सगळं आटपायचं. आमच्या काळातल्या रील्सवाल्यांनी ऐकावं असं. खरखर होतीच, पण त्या खरखरीच्या पलीकडे माणूस स्पष्ट गात होता. आजीनं पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून बसली.

मग तिनं स्वतःच सांगितलं, ‘पिंजरा लाव.’

१९७२चा शांतारामबापूंचा सिनेमा, राम कदमांचं संगीत, उषा मंगेशकरांचा आवाज. आजोबांचं पेटंट. वरात निघाली की ही रेकॉर्ड लागायचीच म्हणे. मी पुसून, तपासून, दोन ग्रॅमवर लावली. गाणं रंगात आलं. आजीचे ओठ हलत होते. मग एका ठिकाणी ती एकदम थांबली. वाट बघत असल्यासारखी. गाणं पुढे निघून गेलं.

‘अडकलं न्हाई?’ तिनं विचारलं.

‘काय अडकलं नाही?’

‘हितंच अडकायचं. दर खेपी. मग हे मांडवातून पळत यायचे आन् चाराणे ठिवायचे.’

मला काहीच कळेना. आजी उठली, पेटीच्या कोपऱ्यात अंथरलेला जुना कागद उचलला आणि खालून चार आण्याचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. सुई एका चरावर अडकून मागे-मागे उडी मारायला लागली, की आजोबा आर्मच्या टोकावर हे नाणं ठेवायचे. भार वाढला की सुई निमूट पुढे जायची. लाऊडस्पीकरवाल्यांची ती जुनी युक्ती. वरात थांबवून चालत नाही ना!

काटा पर्समध्ये होताच. नाणं ठेवलं. अडीच ग्रॅम. माझ्या सुईला जेवढा भार लागतो, त्याहून जास्त एकट्या नाण्याचं वजन. म्हणजे खाचा झिजवणारी मी घरातली पहिली नव्हते! आजोबांनी त्या लोकांच्या लग्नात झिजवल्या, ज्यातली निम्मी पुढे त्या एका पहाटे गेली. मी एकटीनं, दिवे बंद करून झिजवल्या. नुकसान सारखंच, पण माझं मला जास्त लागलं.

‘आजी, आता हे ठेवायचं नाही हं. रेकॉर्ड खराब होते.’

‘ठिव कोन म्हनलं? बग म्हनलं.’ मग थोड्या वेळानं, ‘लई जपून वाजवलालीस गं. वाजवायलाच घेतल्या होत्या त्या. दुसरी बाजू लाव.’

लावली. त्या रात्री ३४ पैकी अकरा रेकॉर्ड्स वाजल्या. शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या लग्नातलं गाणं कुठलं यावरून वाद झाला. कव्हरवरच्या नंबरांचा अर्थही लागला. लग्नात कुठल्या वेळी काय लावायचं, त्याचा तो क्रम होता. १ म्हणजे पहाटेची भक्तिगीतं. शेवटचे नंबर वरातीचे. १७ म्हणजे नवरी सासरी निघाली की लावायचे अभंग. जी मी एकटी रोज रात्री लावत बसले होते, ती ही.

म्हणून तुमच्यापैकी कुणी टर्नटेबल घ्यायचा विचार करत असेल, तर माझं ऐका. नव्या एलपी आज सहज दोन हजारांच्या पुढे जातात, २०२४ मध्ये मुंबई परिसरात रेकॉर्ड दाबायचा कारखानाही पुन्हा उभा राहिला, फॅशन आहे, सगळं आहे. पण पैसे काढण्याआधी आपल्याला नक्की काय ऐकायचंय आणि कुणाबरोबर, ते ठरवा. घरात एखादी पेटी असेल, तर ती उघडून आत काय आहे ते बघा आणि त्याप्रमाणे मशीन घ्या. मशीन बघून पेटी शोधू नका. सुटकेसच्या मोहात पडायचंच असेल, तर जुन्या बाजारातल्या पन्नास रुपयांच्या रेकॉर्डवर पडा, आजोबांच्या नको. आधी भार, मग लेव्हल, मग धूळ, मग सुई, मग स्पीकर. नवं मशीन सगळ्यात शेवटी.

माझा पुढचा अपग्रेड? भारी सुईसाठी पैसे साठवत होते. ते तूर्तास एसटीच्या तिकिटांत जाताहेत. चाराणे सरकारनं २०११ मध्येच चलनातून काढलं, पण ते आता माझ्या खिडकीत स्पीकरशेजारी असतं. आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता फोन येतो,

‘काय करलालीस? कधी येलालीस मशीन घेऊन? अजून तेवीस राहिल्यात.’